इवायानं दिलेला दगड

माझ्या मुलीच्या सासऱ्याशी सौदा करू शकेल असा माणूस पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत कोणी नाही. मला जमलं नाही, तर दुसऱ्या कोणाला काय जमणार? त्यांच्याजवळ जे आहे ते ते विकत नाहीत, आणि बाजारात जे विकायला आहे त्यातलं त्यांना काही नको असतं. अशा माणसाला कुठून धरायचं? आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. तर हे आमचे इवाई रामाकोन्याला राहतात, विजेच्या खात्यातून रिटायर झाले आहेत, पेन्शन घेतात, मोबाईलवर नातवाचे फोटो पाहतात. अश्मयुग संपल्याची बातमी मात्र त्यांना अजून कोणी दिलेली नाही. सकाळचा चहा झाला की ते अंगणात पाट टाकून बसतात आणि एका दगडानं दुसरा दगड फोडून त्याच्या सुऱ्या, पाती, कुऱ्हाडी आणि बाणांची टोकं बनवतात. बाण कोणाला मारणार? घरात अंडंसुद्धा चालत नाही. पण टोकं अशी, की एखादा हरणाच्या मागं लागलेला जुना माणूस वाट चुकून अंगणात आला, तर त्यांच्या पाया पडून दोन मागून नेईल.

त्यांनी मला पहिल्याच भेटीत दगड दिला, ही माझी तक्रार आहे आणि ती मी कधी लपवली नाही. लग्नात व्याहीभेट असते. दोन्हीकडचे बाप मांडवात सगळ्यांसमोर गळाभेट घेतात, एकमेकांना टिळा लावतात, काहीतरी देतात. माझ्या बाजूला पांढुर्ण्याचा अख्खा संत्रा बाजार उभा होता. डोक्यावर टोपली वाहण्यापासून मी तिथं सुरुवात केली, आज माझे ट्रक भरून बाहेर जातात, त्यामुळं माझ्या पोरीच्या लग्नात मला काय मिळतं हे बघायला मित्रांपेक्षा बाकीचेच पुढं होते. मी इवायांना शाल, नारळ आणि चांदीचा पेला दिला. त्यांनी नव्या कोऱ्या दुपट्ट्यात बांधलेली एक गोल वस्तू दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली. वजनाच्या बाबतीत माझा हात चुकत नाही. हातात घेतल्याबरोबर मी मनात म्हटलं, माणूस दिसतो साधा, पण मोठ्या मनाचा आहे. मागून बाजारवाले ओरडले, "दाखवा न भाऊ, खोला!" मी दुपट्टा खोलला. आत दगड होता. नारळाएवढा, पांढुरक्या खडबडीत सालीचा, एका टोकाला संत्र्याच्या देठाजवळ असतो तसा काळपट डाग.

इवाई माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले, "हा तुमच्या घरी राहू द्या. काम पडलं का मागीन."

त्या दिवसापासून बाजारात माझा कोणाशी भाव तुटला की समोरचा हमखास म्हणतो, "भाऊ, ताणून नका धरू. इवायानं काय देल्लं ते मालूम हाये आम्हाले." ही गोष्ट मी कधी विसरलो नाही. बायकोनं तो दगड अंगणात मोगऱ्याच्या कुंडीजवळ ठेवला होता, आणि पहिलं वर्षभर मी रोज सकाळी दात घासताना त्याच्याकडे पाहून राग ताजा करून घेत असे. पुढे पुढे रागाला दगडाची गरज राहिली नाही.

हा नाद त्यांना नोकरीत लागला. तरुणपणी ते सौंसर तालुक्यातल्या शेतांमधून विजेचे खांब उभे करत फिरत. एका खांबाच्या खड्ड्यातून निघालेली माती ते हातानं बाजूला करत होते तेव्हा बोट कापलं. काचेचा तुकडा असेल म्हणून पाहिलं, तर बोटाएवढी लांब, दोन्ही बाजूंनी धार असलेली दगडाची पात. "इवाई, तुम्ही इचार करा," ते मला सांगतात, आणि हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज खाली येतो, "कोण्या जुन्या माणसानं बसून बनवली. तो गेला, त्याचे नातू-पणतू गेले, तिच्यावर कितीक पिकं निघाली असतील, अन् ती जमिनीत धार धरून बसली होती. माझं रक्त काढलं तिनं. त्या माणसाची अन् माझी वळख झाली म्हणा न." ओळख झालेल्या माणसाचा पत्ता मिळत नाही म्हणून त्यांनी त्याचा हात शिकायचं ठरवलं. शिकवणारा कोणी नव्हता. कितीतरी वर्षं फक्त चुरा पाडला. त्यांची मोठी मुलगी सांगते की लहानपणी तिला वाटायचं, आपले बाबा कामावर खांब लावतात आणि घरी येऊन गिट्टी फोडतात.

त्यांचं चालणं पाहायला पाहिजे. मान खाली, हात मागं, नजर जमिनीवर. समोरून आमदार आला तरी ओळख द्यायचे नाहीत, पण नाल्यात एखादी गारगोटी अर्धी बाहेर आलेली असेल तर पन्नास पावलांवरून "अरे वा वा वा" म्हणत जातील. दगड उचलतात, दुसऱ्या दगडानं हलकेच टकोरा देतात आणि कानाशी धरतात. चांगला दगड घंटेसारखा वाजतो. आत भेग असलेला दगड थप्प करतो, ओल्या भिंतीवर हात मारल्यासारखा. मी बाग विकत घेताना झाडाखाली उभा राहून वर पाहतो आणि माल किती निघेल ते सांगतो. तसे ते दगडाच्या सालीवरून आत काय आहे ते सांगतात. फरक एवढाच, की माझा अंदाज बरोबर निघाला तर मी खूश होतो. त्यांचा बरोबर निघाला की ते दगडाला नमस्कार करतात.

घरात सगळ्यांनी चपला घालून फिरावं असा नियम आहे. दगडाच्या कपच्या कुठं पडतील सांगता येत नाही. "देवापुढंही चप्पल घालूनच जावं लागते आम्हाले," असं आमच्या विहिणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "देवालेच म्हटलं, बापा, तूही सांभाळून ऱ्हाय." इवायांच्या डोळ्यांवर खात्यातला जुना जाड चष्मा, मांडीवर फाटक्या चपलांचं चामडं शिवून केलेली गादी, शेजारी नदीतले गुळगुळीत गोटे, आणि लाकडी मुठीत बसवलेली तांब्याची जाड तार. आधी गोट्यानं ठोकून पातळ कपची काढायची, मग तारेच्या टोकानं कडेला दाब देत देत तिला आकार द्यायचा. टिक, टिक, टिक. मिठाच्या खड्यांसारखे बारीक कण उडत राहतात आणि ओबडधोबड कपचीतून हळूहळू पिंपळाचं पान बाहेर येतं. बऱ्याचदा ते शेवटच्या दाबाला मोडतं. मी असतो तर दगड, गादी आणि पाट तिन्ही रस्त्यावर फेकून दिले असते. ते दोन तुकडे जुळवून पाहतात आणि म्हणतात, "बराबर हाये. मी घाई केली, त्यानं सांगितलं."

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी तोंड फुगवूनच बसलो होतो. पाहुणा म्हणून माझ्याच बागेची संत्री नेली होती. इवायांनी एक उचललं, जमिनीवरची एक कपची घेतली, पुसली आणि संत्रं आडवं कापलं. कापलं म्हणणं चूक आहे. ते दोन भाग झालं. फोडींमधला एक दाणा फुटला नाही, रसाचा थेंब ताटात पडला नाही. मग त्यांनी एक चकती काढली, ती इतकी पातळ, की तिच्या पलीकडे अंगणातली तुळस दिसत होती. माझं आयुष्य संत्री कापून दाखवण्यात गेलं आहे. गिऱ्हाइकासमोर फळ कापायच्या माझ्या सुऱ्या खास नागपूरहून आणलेल्या आहेत. मी ती चकती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग राग आठवला म्हणून खाऊन टाकली.

त्यानंतर रोडग्यांचं प्रकरण झालं. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. इवायांनी त्यांच्या शेतात आम्हाला बोलावलं होतं. काही दगड राखेखाली वाळूत हळूहळू तापवले की ते नरम पडतात आणि रंगही चढतो, हे मला माहीत नव्हतं. आयता आर मिळाला म्हणून या गृहस्थांनी एका कोपऱ्यात आपले दगडही भाजायला टाकले होते, हेही मला माहीत नव्हतं. राखेत सगळं सारखंच गोल आणि सारखंच काळं. मी भुकेलेला माणूस. चिमट्यानं एक टपोरा गोळा काढला, झटकला, ताटात ठेवला, त्यावर वाटीभर तूप ओतलं आणि मूठ मारली. माझा हात फ्रॅक्चर झाला नाही, एवढंच. सगळे हसून हसून लोळले. इवाई मात्र धावत आले, माझ्या हाताकडे न पाहता तो दगड पंच्यानं पुसू लागले आणि कळवळून म्हणाले, "तापल्यावर तूप ओतलं न तुम्ही! तडकला असता न जी तो!"

"दुसऱ्यांदा मला दगडच दिला तुम्ही," मी म्हटलं.

"पहिला बरा हाये न?" त्यांनी लगेच विचारलं. "सांभाळून आहे न?"

"माझ्या घरून कोणती वस्तू हरवत नाही," मी म्हटलं. माझ्या आवाजात जरब होती. त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू आलं आणि गेलं. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मग नातू झाला. जावळाची वेळ आली, तेव्हा इवायांचा फोन आला. बाळाचे पहिले केस काढायचे तर ते आजोळी, म्हणजे माझ्या घरी काढू, त्यांनी सांगितलं. बाळ मामाच्या मांडीवर बसेल, आत्या केस झेलेल, सगळं रीतीनं होईल. पण न्हाव्याच्या आधी एक बट ते स्वतः कापणार. दगडाच्या पातीनं.

"माझ्या नातवाच्या डोक्याला दगड लावान तुम्ही?" मी फोनवर इतका ओरडलो, की बाहेर ट्रक भरणारे हमाल थांबले. नेहमीप्रमाणे मी भाव सुरू केला. म्हटलं, केस नको, नखं काढा. नखं नको, पाळण्याचा दोरा कापा. ते ऐकून घेत होते. मी दमल्यावर म्हणाले, "एकच बट. टाळूपासून दूर. आधी तुमच्या हातावर चालवून दाखवीन. अन् इवाई, पात त्याच दगडाची काढायची आहे. आजोळचा दगड पाहिजे म्हणूनच तुमच्याजवळ ठेवला होता. आता काम पडलं."

म्हणजे लग्नाच्या मांडवात, पोरगी अजून माझ्याच घरची असताना, हा माणूस नातवाच्या जावळाची तयारी करून बसला होता. मी फोन ठेवला. संध्याकाळी मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, नाही नका म्हणू. बाबूजींचे हात थरथर कापून राहिले आता. चहाचा कप धरता येत नाही. सगळे दगड बांधून ठेवले त्यांनी. म्हणतात, एक चांगली पात निघंल अजून हातातून. ती बाळासाठी ठेवली आहे."

मी अंगणात गेलो. मोगऱ्याच्या कुंडीजवळ दगड नव्हता.

"तो?" बायको भाकरी थापता थापता म्हणाली. "तो तर कधीचा गेला. गोटमारीत."

बाहेरच्या वाचकाला सांगायला पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीत गोटमार असते. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेलं पळसाचं झाड, आणि त्या झाडासाठी दोन्हीकडून दिवसभर एकमेकांवर दगड. ही आमची रीत आहे, आणि त्या दिवसाआधी पोरं गावात फिरून हाताला येईल तो दगड गोळा करतात. पोळ्याला अंगणात दगड मोकळा ठेवणं म्हणजे मांजरीपुढं दूध ठेवून लग्नाला जाणं.

"तू पाहत बसली?"

"मले काय मालूम तो ठेवाचा होता म्हणून! तुमीच म्हनत होते न रोज, असा दगड नदीत फेकून देल्ला पाहिजे म्हनून?"

आता माझी अवस्था पाहा. ज्या दगडाबद्दल मी इतकी वर्षं साऱ्या पांढुर्ण्याला सांगत होतो, की इवायानं मला फक्त दगड दिला, तो दगडच माझ्याजवळ नव्हता. आणि ज्याचे हात उद्या चालतील की नाही ठाऊक नाही, असा माणूस त्या दगडाच्या भरवशावर येणार होता. मी दुसऱ्या दिवशी नदीत उतरलो आणि जाम पालथी घातली. तो सापडणं शक्यच नव्हतं. शेवटी तसाच एक निवडला, तेवढाच, तशाच पांढुरक्या सालीचा. घरी आणून घासला, काळपट डाग कोळशानं रंगवला, वरून शेंगदाण्याचं तेल पुसलं. संत्र्याला मेण लावून चमकवता येतं, दगडाला तेल लावून म्हातारं करता येतं. माल अगदी हुबेहूब झाला होता.

जावळाच्या दिवशी मांडवात बाजारातले सगळे होते. मीच बोलावले होते. इवाई आले. बारीक झाले होते. खांद्याला नेहमीची खाकी पिशवी, आणि उजवा हात डाव्या हातानं धरलेला. मी त्याच जुन्या दुपट्ट्यात बांधलेला दगड दोन्ही हातांनी त्यांना दिला. त्यांनी खोलला, तळहातावर तोलला, नखानं टकोरा दिला आणि कानाशी धरला.

थप्प.

ते मलाही ऐकू आलं. इवायांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बोटाला कोळसा लागला होता. मागं माझा अख्खा बाजार उभा होता. त्यांनी बोट हळूच धोतराला पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा इवाई! पोटच्या पोरासारखा सांभाळला न! थांबा, याले जरा पाणी दाखवून आणतो." दगड आणि पिशवी घेऊन ते आत न्हाणीघराकडे गेले. परत आले तेव्हा हातात ओला दगड होता. पांढुरकी साल, टोकाला संत्र्याच्या देठासारखा डाग. तो रंगवलेला नव्हता, खरा होता. आणि एका कडेला एक खपली उडालेली, जशी वरून खाली आपटल्यावर उडते.

माझं तोंड उघडं राहिलं. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

पाटावर बसले, चष्मा लावला, मांडीवर चामडं घेतलं, सगळ्यांना मागं सारलं. गोट्यानं नारळासारखं दगडाचं वरचं टोक उडवलं, आणि मांडवातला गलका थांबला. आतला रंग मधाचा होता. आंबिया बहाराचं पिकलेलं संत्रं फोडल्यावर दिसतो तसा, पण खोल, आत दिवा लावल्यासारखा. मग त्यांनी नेम धरला आणि दगड धरलेला डावा हातही थरथरू लागला. थांबले. पुन्हा धरला. पुन्हा थरथरला. गोटा खाली ठेवून ते म्हणाले, "इवाई, तुम्ही धरा."

"मी?"

"तुमचा हात घट्ट हाये."

मी त्यांच्या पुढ्यात बसलो. चामड्यात गुंडाळलेला दगड माझ्या दोन्ही हातांत दिला, माझ्याही डोळ्यांवर कोणाचा तरी चष्मा चढवला. "आवळू नका," ते म्हणाले. "भाव करता तसं नाही इथं. ओढायचं नाही अन् सोडायचंही नाही. नुसतं त्याच्यासंगं ऱ्हायचं." त्यांचा उजवा हात वर गेला. कापत होता, सगळ्यांना दिसत होतं. पण खाली येताना तो कापला नाही. एवढंच मी सांगू शकतो. ठण्ण असा आवाज झाला, तो मला कानानं नाही, कोपरापर्यंत ऐकू आला. काहीतरी दगडातून निघून माझ्या तळहातात अलगद पडलं, जसं झाडावरून पान पडतं.

ती पात होती. बोटाएवढी लांब, किंचित वाकलेली. इवायांनी ती उन्हात धरली. कडेला ती इतकी पातळ होती, की ऊन तिच्यातून मधाच्या रंगाचं होऊन बाळाच्या गालावर पडलं. आधी बोलल्याप्रमाणे त्यांनी ती माझ्या हातावर चालवली. मला काही लागलं नाही, फक्त दंडाखाली केस निघून लहान पोराच्या हातासारखा गुळगुळीत पट्टा उमटला. बाजारातल्या एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही, आणि त्यांना गप्प बसलेलं मी दुसऱ्यांदा अजून पाहिलेलं नाही. न्हावी तेवढा म्हणाला, "काका, हे चालू झालं तर माझं दुकान गेलं." मग इवायांनी बाळाच्या कपाळावरची एक बट दोन बोटांत धरली. त्या बोटांना कंप होता, पातीला नव्हता. बट सुटून आली. बाळ त्या रंगीत उन्हाला पकडायला बघत हसत होतं. ते रडलं न्हाव्याच्या मशीनला.

त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्यानं केस कणकेच्या गोळ्यात झेलले, आणि तो गोळा नदीत सोडायला आम्ही दोघे इवाई निघालो. वाटेत मी विचारलंच. "कुठं सापडला?"

"तिथंच," त्यांनी पुढं पात्राकडे हात केला. "गोटमार झाली का दुसऱ्या दिवशी सकाळी मी दरसाल येतो. एका दिवसात एवढे दगड फुटतात इथं, तेवढे फोडाले नदीले अख्खा पावसाळा लागते. फुटल्यावर आत काय हाये ते दिसते न. तर एका साली पाहतो, ओळखीचा मनुष्य पाण्यात पडून हाये. मांडीवर घेतला, वाजवला. एका कडेले लागलं होतं थोडं. आत आवाज साबूत."

"अन् मला इतकी वर्षं सांगितलं नाही?"

"तुम्ही भांडले असते. मग घरच्यांसंगं भांडले असते. मग गावातल्या पोरांसंगं." ते थांबले. "अन् दगड तुमच्याजवळ हाये असं तुम्ही म्हणत होते. मी कायले नाही म्हणू?"

आयुष्यात पहिल्यांदाच एक वस्तू मला मनापासून हवी होती आणि ती कशी मागायची ते मला कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, "ती पात मात्र मी ठेवीन. कपाटात ठेवतो. नातवाला दाखवायला."

इवाई पाण्याच्या काठाशी वाकले होते. "पात?" ते म्हणाले. "पात केसासंगंच ऱ्हायते. कणकेत हाये न ती." आणि त्यांनी गोळा धारेत सोडला. तो दोनदा वर आला आणि बुडाला. कणीक मासे खातील, केस वाहून जातील, पात तळाशी बसेल. "कोणाचं तरी बोट कापंल कधी," ते अगदी समाधानानं म्हणाले, "वळख होईल."

ही माझी नवी तक्रार आहे, आणि ती मी सोडणार नाही. जुनी राहिली नाही. उरलेला दगड माझ्या घरी आहे, एका बाजूनं उघडा, पात निघाली तिथं तिच्या आकाराची खाच. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो कपाटात कुलूपबंद होतो. इवायांनी त्यानंतर पाट टाकलेला नाही. आता कप विहिणबाई तोंडाशी धरतात, आणि अंगणात चपलेशिवाय चालता येतं, याचं त्यांनाच फार वाईट वाटतं.

पण गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नदीत असतो. ते माझा दंड धरून चालतात, काठीनं दाखवतात, आणि मी वाकून उचलतो, टकोरा देऊन कानाशी धरतो. "थप्प," मी सांगतो. ते मान हलवतात. मी कशासाठी वाकतो ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. यंदा म्हणाले, "पात सापडली समजा. काय करान?"

"भाव करीन," मी म्हटलं.

"कोणासंगं?"

मी पाण्याकडे पाहिलं. पलीकडे सावरगावचा घाट होता, मध्ये काल उखडलेल्या पळसाची जागा होती, आणि जाम आपली गोट्यांवरून वाजत चालली होती. मी पुन्हा वाकलो.